स्वल्पविरामाचा धुरा

कापसाच्या हंगामात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या शेतकरी गटाकडे काट्यावरून रोजची यादी येते. एका संध्याकाळी ती एक्सेलमध्ये चिकटवली, तर सगळा मजकूर पहिल्याच कॉलममध्ये. त्यातली एक ओळ साधारण अशी:

०४१२,राऊत,"मु. कोळंबी, ता. दारव्हा",१८.४०,"१,३२,४८०"

सभासद क्रमांक, नाव, पत्ता, क्विंटल, रक्कम. आपल्याला हे वाचताच कळतं. संगणकापुढे मात्र ती अक्षरांची सलग रांग असते. 'स्वल्पविराम म्हणजे धुरा', म्हणजे दोन वावरांमधला बांध, असं सांगितलं, की तो डावीकडून एकेक अक्षर पाहत जातो आणि धुरा दिसला की पुढचं अक्षर नव्या वावरात टाकतो.

मग पत्त्यातल्या आणि रकमेतल्या स्वल्पविरामाचं काय? त्यासाठीच ती अवतरणचिन्हं. संगणक वाचताना एकच गोष्ट ध्यानात ठेवतो: मी आता अवतरणाच्या आत आहे की बाहेर? चिन्ह उघडलं की आत, मिटलं की बाहेर. आत असताना भेटलेला स्वल्पविराम साधं अक्षर, बाहेरचा तेवढा धुरा. एवढ्या एका आठवणीवर सगळी विभागणी चालते, आणि मला ही युक्ती फार देखणी वाटते. १९७२ मध्येच आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरला (फोरट्रान या संगणकभाषेतला मजकूर संगणकाला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामला) स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती वाचता येत होती. या पद्धतीचे नियम मात्र २००५ मध्ये 'आरएफसी ४१८०' या इंटरनेटविषयक दस्तऐवजात लिहून निघाले.

मी त्या संध्याकाळी ती चिन्हं कचरा समजून सरसकट काढून टाकली. पाच कॉलमच्या जागी आठ झाले. पत्त्याचे दोन तुकडे, रकमेचे तीन, आणि रकमेच्या कॉलममध्ये १८.४० येऊन बसले. ज्याची रक्कम लाखाच्या आत, त्याचे सातच कॉलम. रात्री मूळ फाइल पुन्हा आणून पहिल्यापासून सुरुवात केली.

कॉलम निवडायचा, 'डेटा'मधून 'टेक्स्ट टू कॉलम्स', मग 'डिलिमिटेड', मग 'कॉमा'. उजवीकडचे कॉलम आधी रिकामे हवेत, नाहीतर तिथली माहिती पुसली जाते.

या खिडकीच्या तिसऱ्या पायरीवर प्रत्येक कॉलमचा प्रकार ठरवायचा असतो. तिथे बहुतेक जण घाईने 'फिनिश' दाबतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. 'जनरल' ठेवलं तर ०४१२ ही एक्सेलला संख्या वाटते आणि पुढचं शून्य जातं. बँक खात्याचा क्रमांक सोळा आकडी असेल तर आणखी वाईट. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नेमके सांभाळतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतं. पैसे ज्या खात्यात जायचे त्याचाच शेवटचा आकडा बदललेला. असे कॉलम तिथेच 'टेक्स्ट' करायचे. तारखेचा कॉलम असेल तर त्याला 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) निवडायचं, नाहीतर ०५/११ ही पाच नोव्हेंबर, पण अमेरिकी मांडणीच्या संगणकावर अकरा मे होते.

त्या रात्री दुसऱ्यांदा विभागणी झाल्यावर रकमेची बेरीज काटापट्ट्यांशी ताडून पाहिली, मगच यादी बँकेसाठी बाजूला काढली. राऊतांचं शून्य जागेवर होतं.