गेन वेगळा, व्हॉल्यूम वेगळा

गणपती जवळ आले की कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यातल्या घरगुती स्टुडिओंना जाग येते. आरत्या, गजर, डबलबारीची भजनं, आणि त्यांच्यामागे भरायला सिंथचे (सिंथेसायझरचे) पॅड, म्हणजे मागे धरून ठेवलेले लांब सूर. त्यातल्या काही फायली मिक्सिंगला माझ्याकडे येतात. गेल्या आठवड्यात आलेला एक पॅड कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) बदलला की चरचरत होता. पाठवणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणाला, ‘‘दादानू, आवाज जास्त झालेलो, म्हणान मगे मी कमी केलंय.’’

केला होता, खरंच. पण फेडर, म्हणजे पडद्यावरची आवाजाची सरकपट्टी, खाली केला होता, गेन नाही. ही गल्लत मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि मला वाटतं तिचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे. गेन वाढवायचा असो, फेडर चढवायचा असो की स्पीकरचं बटण फिरवायचं असो, आपण तिन्हीला ‘आवाज वाढव’च म्हणतो.

व्हॉल्यूम सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. सॉफ्टवेअरमधला फेडर आणि इंटरफेसवरचं (सिंथ कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं) हेडफोनचं बटण ही त्याचीच भावंडं. तुमच्या कानाला किती ऐकू यावं एवढंच ती ठरवतात. रेकॉर्ड होताना फाईलमध्ये काय लिहिलं जातं ते त्यांच्या हातात नाही.

गेन मात्र दारातच उभा असतो. सिंथकडून वायरीने आलेला सिग्नल इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो, आणि तो बदलण्याआधी किती मोठा करायचा हे गेन ठरवतो. आकडे बनवणाऱ्या कन्व्हर्टरला वरची हद्द आहे : ० डीबीएफएस, म्हणजे डिजिटल मोजपट्टीचं सर्वांत वरचं टोक. त्यापुढे आकडाच नाही. आवाजाची लाट त्याहून उंच आली तर वरचा भाग लिहिलाच जात नाही. त्या मुलाची फाईल मी मोठी करून बघितली. जिथे गोल कळस हवा तिथे कोयत्याने छाटल्यासारखी आडवी रेघ, प्रत्येक कॉर्डच्या सुरुवातीला. फेडर १० डीबी खाली आणला तर लाट बुटकी झाली, माथा सपाटच राहिला. गिरणीत तांदळाची कणी झाली की झाली. कमी मापली म्हणून तिचा अख्खा तांदूळ होत नाही.

लोक फसतात त्याला कारण आहे. बहुतेक सॉफ्टवेअर आतला हिशेब ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे ० च्या वर गेलेला आकडाही सांभाळणाऱ्या पद्धतीत, किंवा त्याहून बारीक करतं. त्यामुळे तिथे एखाद्या चॅनलवर लाल दिवा लागला तरी फेडर खाली आणून सावरता येतं. मग सवय पडते : लाल दिसलं की फेडर खाली. इंटरफेसवरचा लाल दिवा त्या जातीचा नाही. तिथे गेलं ते गेलं. शिवाय मीटर फेडरनंतरचा आकडा दाखवत असेल आणि फेडर खाली असेल, तर पडद्यावर सगळं हिरवंगार दिसतं आणि आत माथे छाटले जात असतात. रेकॉर्ड करताना मीटर फेडरच्या आधीचा ठेवा किंवा फेडर ० वर ठेवून हात लावू नका.

‘लाल होईपर्यंत चढव’ हा सल्ला तर मला ऐकवत नाही. तो कॅसेटच्या काळातला आहे. टेपची सरसर दाबायला सिग्नल चढवावा लागे, आणि टेप हळूहळू वाकते, एकदम छाटत नाही. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगची कागदावरची व्याप्ती, म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, सुमारे १४४ डीबी आहे. इंटरफेस प्रत्यक्षात त्याहून कमी देतो, तरी सरासरी वजा १८ डीबीएफएस आणि सर्वांत उंच टोक वजा १० ते वजा १२ ठेवलं तर काहीही बिघडत नाही.

टोक शोधायचं ते सिंथच्या सर्वांत दांडग्या क्षणावर. फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स (फिल्टरची धार) गाण्यात जितका जाणार तितका चढवा, पेडल दाबून दोन्ही हातांनी कॉर्ड धरा आणि जोराने वाजवा. एका बोटाने सा दाबून लेव्हल लावणारे इथेच फसतात. सूर वाढले की टोकंही वाढतात. सिंथचं स्वतःचं व्हॉल्यूमचं बटण मी तीन चतुर्थांशावर ठेवतो. ते फार खाली ठेवून गेन चढवला तर सिग्नलबरोबर इंटरफेसची सरसर आणि वायरीत शिरलेली गुणगुणही वर येते, आणि पावसात वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर ती गुणगुण काय होते हे आपल्याकडे सांगायला नको. गेन शून्यावर असूनही लाल लागत असेल, तरच सिंथ कमी करा.

इंटरफेसवर सिंथ लाईन इनपुटला लावा, गिटारच्या नाही. केबल तीन मीटरची असेल तर बॅलन्स्ड (वायरीत शिरणारी गुणगुण कापणाऱ्या) केबलचा फार विचार करू नका.

मुलाने पॅड पुन्हा वाजवून पाठवला. टोक वजा ११ वर, चरचर नाही. फक्त लाट बारीक दिसते म्हणून त्याने नॉर्मलाईज करू का, म्हणजे टोक वरच्या हद्दीपर्यंत नेऊन सगळी फाईल मोठी करू का, असं विचारलं. नको म्हटलं. मला ती बारीकच हवी, गायकाला जागा राहते.