एअरपोर्टवरची ती काचेची खोली

मागे एकदा फ्लाइट लेट झाली आणि गेटजवळ जी खुर्ची मिळाली ती नेमकी स्मोकिंग रूमच्या शेजारी. दार बंद, काचा बंद, आतली माणसं धुरात अर्धीमुर्धी दिसतायत, आणि तरी सिगरेटचा वास माझ्या नाकात. हा धूर येतोय कुठून?

नियम तसा कडक आहे. आपल्याकडे 2003 चा तंबाखू कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्यात सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आणि 200 रुपयांपर्यंत दंड, पण एअरपोर्टला वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत ती खोली कशी हवी तेसुद्धा सांगितलंय, चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप लागणारं दार, आतली हवा थेट बाहेर सोडायची, परत एसीत मिसळायची नाही, आणि आत निगेटिव्ह प्रेशर.

निगेटिव्ह प्रेशर म्हणजे आत येते त्यापेक्षा जास्त हवा पंख्याने बाहेर ओढायची, मग आतला दाब थोडा कमी राहतो आणि फटीतून हवा बाहेरून आत येते, आतून बाहेर नाही. आपला किचनमधला एक्झॉस्ट फॅन हेच करतो. पण मिरचीची फोडणी पडली की फॅन चालू असूनही हॉलमधले खोकतातच ना? तसंच इथे होतं. गर्दीच्या वेळी दार सारखं उघडतं, दाबातला तो बारीकसा फरक दार उघडल्या क्षणी जवळजवळ संपतो, आणि बाहेर येणारा माणूस चालता चालता आपल्या पाठीमागे हवेचा एक लोट ओढत आणतो. वर शेवटच्या झुरक्यातला थोडा धूर अजून छातीत असतो, तो हा माणूस बाहेर येऊन सोडतो. कपड्यांचा वास वेगळाच.

(लायटर, काडेपेटी आपल्याकडे ना हँडबॅगेत चालते ना चेक-इनमध्ये, म्हणून आत भिंतीला इलेक्ट्रिक लायटर असतो आणि लोक त्याच्यापुढे नळाला तोंड लावल्यासारखे वाकलेले असतात, बघण्यासारखं दृश्य असतं.)

हे कुणी मोजलंय का, तर हो. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, 2012 मध्ये अशा खोल्या असलेल्या पाच मोठ्या एअरपोर्टवर पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण, मोजले. पूर्ण बंदी असलेल्या एअरपोर्टशी तुलना केली तर खोलीच्या आत कण 23 पट निघाले, तिथपर्यंत ठीक, पण खोलीला लागून बाहेरच्या जागेतही सुमारे 5 पट! तिथे बसलेल्याने सिगरेटला हातही लावलेला नाही. आणि खोली झाडणाऱ्या-पुसणाऱ्या माणसाचं काय, तो तर रोज आत जातो.

मग भारीतला फिल्टर लावा की, असं कुणी म्हणेल. हेपा फिल्टर कण पकडतो पण वायू सोडून देतो, कोळशाचा फिल्टर काही वायू पकडतो पण कार्बन मोनॉक्साइड त्यालाही दाद देत नाही. अटलांटाच्या एअरपोर्टने 2020 च्या सुरुवातीला असल्या खोल्या बंदच केल्या.

मी तेव्हा उठलो आणि चार गेट पलीकडे जाऊन बसलो, चार्जिंग पॉइंट सोडून.