आठ दिवसांचं घड्याळ

२९ एप्रिल १९८६च्या संध्याकाळी पोलंडमध्ये मुलांना एक तपकिरी, बेचव औषध पाजायला सुरुवात झाली. ते होतं लुगॉलचं द्रावण, म्हणजे साध्या भाषेत आयोडीनचं पाणी. पुढच्या काही दिवसांत सुमारे १ कोटी मुलांनी तोंडं वाकडी करत ते प्यायलं. लहानग्यांचं ताजं दूध बंद करून त्यांना पावडरचं दूध सुरू केलं गेलं. खरं तर मॉस्कोने वॉर्सॉला काहीच कळवलं नव्हतं. २८ तारखेच्या सकाळी हवेतली किरणोत्सारी धूळ पोलंडच्या मोजणी केंद्रावर आपणहून येऊन थडकली. ती आली कुठून, हे तिथल्या शास्त्रज्ञांना कळलं ते संध्याकाळी, बीबीसीच्या बातम्यांतून.

सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुकेंद्राची चौथी भट्टी फुटून तोवर अडीच दिवस झाले होते. स्फोट २६ एप्रिलला पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी झाला. शेजारच्या प्रिप्यात गावातली जवळपास ४९ हजार माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी बसमधून हलवली, तीही ‘तीन दिवसांसाठी’ असं सांगून. २८ तारखेला ११०० किलोमीटरवरच्या स्वीडनमध्ये फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या किरणोत्सारी धुळीमुळे धोक्याची घंटा वाजली आणि स्वीडनने जाब विचारायला सुरुवात केली. तेव्हा कुठे त्या रात्री सोव्हिएत वृत्तसंस्थेने चार-पाच वाक्यांचं निवेदन काढलं. १ मे रोजी, अपघातस्थळापासून शंभरेक किलोमीटरवरच्या कीव्हमध्ये, कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. मुलंही त्यात होती. कोंबडं झाकून ठेवलं होतं, आणि तांबडं अर्ध्या युरोपात फुटलं होतं.

इथे थोडं आयोडीनकडे वळू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

भट्टीतून बाहेर पडलेल्या पदार्थांत आयोडीन-१३१ होतं. त्याचा अर्धायुष्यकाल आठ दिवस. म्हणजे आज जेवढं आहे त्याच्या निम्मं आठ दिवसांनी, पाव सोळा दिवसांनी, आणि ऐंशी दिवसांनी जेमतेम हजारावा भाग उरतो. हे विष झपाट्याने मरतं, पण मरण्याआधी त्याला एक सोपी वाट सापडते. ते गवतावर बसतं. गाय दिवसभरात भल्यामोठ्या कुरणावरचं गवत पोटात घेते आणि दुधात उतरवते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन हवंच असतं, आणि किरणोत्सारी आयोडीन कोणतं, साधं कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. मुलांची ग्रंथी लहान, दूध मात्र मोठ्यांपेक्षा जास्त. त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा मारा त्यांच्या ग्रंथीवर कितीतरी पटींनी पडतो. साधं आयोडीन वेळेवर पाजलं तर ग्रंथी आधीच भरते आणि नको तो पाहुणा दारातून परत जातो. पण हे आधी, किंवा फार तर काही तासांत व्हायला लागतं.

औषध नसलं तरीही एक घरगुती उपाय होता: ताजं दूध काही आठवडे मुलांना न देणं. त्या दुधाचं चीज करून तीन महिने ठेवलं असतं तर आयोडीनच्या बाबतीत तेही खाण्याजोगं झालं असतं. यासाठी ना पैसा लागला असता ना यंत्रं. एक वाक्य रेडिओवरून, वेळेत सांगायला हवं होतं. प्रिप्यातमध्ये आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, पण भोवतालच्या खेड्यांतली मुलं दूध पीत राहिली.

सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले १४ मे रोजी. हिशेब करा: पहिल्या दिवशी बाहेर पडलेल्या आयोडीनपैकी पावभागही तोवर उरला नव्हता. आयोडीनचा धोका असा संपत आला होता आणि मुलांच्या गळ्यात त्याचं काम करून झालं होतं. २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्या ६ हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कर्करोग झाल्याची नोंद झाली. हा कर्करोग बहुधा बरा होतो, त्यामुळे मृत्यू थोडे झाले. पण संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने या कर्करोगांतल्या मोठ्या हिश्शाचं खापर दूषित दुधावरच फोडलं आहे. स्फोट ही एका रात्रीची चूक होती. दुधाचं तसं म्हणता येणार नाही, तिथे रोज सकाळी गप्प बसायचं ठरवावं लागत होतं.

माणसाचं मन या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत मांडतं. रोजचं दूध एक दिवस नासलं तर आपण कुरकुरतो आणि विसरतो. दूधवाला नळाखाली कॅन धरताना दिसला, तर मात्र गेल्या पाच वर्षांतलं पातळ दूध आठवायला लागतं. चूक कुवतीविषयी सांगते, लपवाछपवी हेतूविषयी. आणि हेतूविषयीचा संशय मागे जाऊन जुन्या हिशेबांतही शिरतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९९३ मध्ये हे मोजून पाहिलं. अणुवीज केंद्राविषयीच्या ४५ काल्पनिक बातम्या त्यांनी लोकांपुढे ठेवल्या आणि विचारलं, याने तुमचा विश्वास किती वाढेल वा घटेल? वाईट बातम्यांनी विश्वास धडाधड पडला, चांगल्यांनी तो जेमतेम हलला. विश्वास खरोखर वाढवणारी जवळपास एकच बातमी निघाली: स्थानिक नागरिकांची समिती नेमली असून केंद्र बंद करण्याचा कायदेशीर अधिकार तिला दिला आहे. मला हे फार बोलकं वाटतं. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्याला काही गुण मिळत नाहीत, स्वतःचे हात बांधून घेणाऱ्याला मिळतात.

सोव्हिएत सरकारने नेमकं उलट केलं. किरणोत्साराचे तपशीलवार नकाशे वृत्तपत्रांत आले ते १९८९ मध्ये. भट्टीपासून दोनशे किलोमीटरवरच्या, बेलारूसमधल्या मोगिलेव्ह प्रांतात आपण दूषित जमिनीवर राहतोय, हे तिथल्या अनेकांना तीन वर्षांनी समजलं. अधिकाऱ्यांनी लोकांच्या घाबरण्याला ‘रेडिओफोबिया’ असं नाव दिलं, जणू तो लोकांचाच आजार. पुढे डोकेदुखीपासून गर्भपातापर्यंत सगळ्याचं कारण चेर्नोबिल ठरू लागलं. यातली बरीच भीती निराधार होती, पण तसं सांगणार कोण? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर खरोखरच दुधाने पोळलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या ‘चेर्नोबिल फोरम’ या गटाच्या २००५च्या अहवालाने अपघाताचा सार्वजनिक आरोग्यावरचा सर्वांत मोठा परिणाम म्हणून मानसिक आरोग्याचं नाव घेतलं.

हे फक्त साम्यवादी राजवटीचं दुखणं नव्हे. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केल अणुकेंद्राला आग लागली, तेव्हा पंतप्रधान मॅकमिलन यांनी चौकशीचा मूळ अहवाल दाबला, आणि तो खुला व्हायला तीस वर्षं गेली. पण तिथे सरकारने ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध मात्र काही दिवसांत ओतून टाकायला लावलं. लाज झाकली, दूध नाही. फरक लहान नाही.

आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. चेर्नोबिलची मूठ स्फोटाच्या कितीतरी आधीपासून झाकलेली होती. या बनावटीच्या भट्टीत नियंत्रक दांड्यांच्या, म्हणजे भट्टीला आवर घालणाऱ्या दांड्यांच्या, खाली ग्रॅफाइटचे भाग जोडलेले होते. पूर्ण वर काढलेल्या दांड्या आत सोडल्या की ते आधी खालचं पाणी हटवत. अणुप्रक्रिया चालू ठेवणारे न्यूट्रॉन कण पाणी शोषतं, ग्रॅफाइट जवळपास नाही. म्हणून पहिल्या काही सेकंदांत भट्टीच्या तळाशी प्रक्रियेचा वेग कमी होण्याऐवजी वाढायचा. ब्रेक दाबावा आणि गाडीने आधी उसळी घ्यावी, तसं. लेनिनग्राडच्या अशाच भट्टीत १९७५ मध्ये अपघात होऊन दोषांची चाहूल लागली होती. १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात चाचणीत दांड्यांचा हा गुण स्पष्ट दिसला. पण चेर्नोबिलच्या रात्रपाळीला त्याची नीट कल्पना कुणी दिली नव्हती. त्या पहाटे त्यांनी भट्टी थांबवण्याचं बटण दाबलं आणि वर काढलेल्या दांड्या एकदम खाली निघाल्या.

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नात सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह यांनी जगापुढे तासन्‌तास निवेदन केलं. त्यातल्या मोकळेपणाने पाश्चात्त्य तज्ज्ञ भारावले. पण दोष मुख्यतः चालकांच्या माथी होता, दांड्यांची गोष्ट बाहेर आली नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने त्यावर विसंबून अहवाल लिहिला, आणि १९९२ मध्ये नव्या माहितीच्या आधारे स्वतःचाच निष्कर्ष दुरुस्त केला. शिक्षा झालेला उपमुख्य अभियंता अनातोली द्यातलोव्ह तोवर तुरुंगातून सुटून आला होता. ज्याने ती माहिती झाकली ते सरकार मात्र वर्षभरापूर्वीच, देशासकट, नाहीसं झालं होतं.