विंडोज ९८ आणि ३२ जीबीची अफवा

“विंडोज ९८ ला 32 जीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क चालत नाही,” हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि त्यापायी लोक चांगल्या डिस्क बाजूला टाकतात याचं वाईट वाटतं.

32 जीबीची अट विंडोज २००० आणि एक्सपीच्या फॉरमॅट करण्याच्या सोयीत होती. त्यापेक्षा मोठं फॅट३२ पार्टिशन (फॅट३२ म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) त्या नव्याने बनवू देत नसत, पण आधीच बनवलेलं बिनतक्रार वाचत. ९८ वर ही अट नाहीच. काही जुन्या बायोसमुळे (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममुळे) मशीन 32 जीबीच्या पुढच्या डिस्कवर अडकायचं, पण तो दोष मदरबोर्डचा.

गैरसमज वाढवला तो एफडिस्कने, म्हणजे ९८ सोबत येणाऱ्या पार्टिशन बनवायच्या प्रोग्रॅमने. 64 जीबीच्या वर गेलं की त्याचा हिशोब चुकतो आणि तेवढे 64 जीबी तो गाळूनच टाकतो. त्यामुळे 80 जीबीची डिस्क, जी संगणकाच्या मोजणीत सुमारे 74 जीबी भरते, जेमतेम 10 जीबीची दिसते. मायक्रोसॉफ्टने यासाठी सुधारित एफडिस्क दिला होता.

खरी भिंत 137 जीबीला (संगणकाच्या मोजणीत 128 जीबीला) आहे. ९८ चा आयडीई ड्रायव्हर (हार्ड डिस्कशी बोलणारा प्रोग्रॅम) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या 512 बाइटच्या तुकड्याचा, पत्ता 28 बिटांत लिहितो; 2 चा 28 वा घात गुणिले 512 बाइट, एवढीच त्याची पोहोच. धोका असा की त्यापुढे लिहायला गेल्यावर पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जातो आणि डिस्कच्या सुरुवातीचाच डेटा पुसला जातो, तोही कसलीच सूचना न देता. म्हणून मोठी डिस्क जरूर लावा, पण सगळी पार्टिशनं पहिल्या 137 जीबीच्या आतच ठेवा.