चुकलेला बिट कोणता?

मे २००३. बेल्जियममधल्या स्कारबेकमध्ये संगणकावर झालेल्या मतदानाची मोजणी झाली तेव्हा एका उमेदवाराला मिळूच शकणार नाहीत इतकी मतं दिसत होती. फेरमोजणीत जादा मतांचा आकडा निघाला बरोबर ४०९६. संगणकवाल्यांना हा आकडा लगेच ओळखू येतो, कारण तो २ चा बारावा घात आहे. संगणक प्रत्येक संख्या शून्य आणि एक या अंकांत साठवतो, त्यातला एकेक अंक म्हणजे बिट. मेमरीतला तेरावा बिट शून्याचा एक झाला की संख्या नेमकी एवढ्यानेच वाढते. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, तेव्हा बिट आपोआप उलटला असावा, असाच खुलासा पुढे आला.

बिट खरोखर असे उलटतात. वैश्विक किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात, त्यातला एखादा चिपमध्ये घुसतो. चिपच्या वेष्टनातल्या किंचित किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कणही तेच करतात. घरच्या संगणकात फोटोतला एक ठिपका बदलला तर कुणाला पत्ताही लागत नाही. बँकेच्या सर्व्हरमध्ये मात्र अनेक प्रोसेसर आणि मेमरीच्या डझनांनी पट्ट्या रात्रंदिवस राबत असतात. भाग जितके जास्त, तितकी त्यातला एखादा बिघडण्याची शक्यता जास्त.

यावरचा सगळ्यात देखणा उपाय गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांचा. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत ते शनिवार-रविवारी आपली गणितं रिलेच्या, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांच्या, यंत्रावर लावून जात. चूक आढळली आणि जवळ माणूस नसला, की यंत्र ते काम टाकून पुढचं घेई. सोमवारी हाती काहीच नसे. वैतागून त्यांनी विचार केला, की चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? १९५० साली त्यांचं उत्तर प्रसिद्ध झालं.

सात जागा घ्या. १, २ आणि ४ या जागांवर तपासणीचे बिट, उरलेल्या चारांत माहिती. प्रत्येक तपासणी ठराविक जागांवर लक्ष ठेवते आणि तिथल्या एकांची संख्या सम आहे ना, एवढंच बघते. आता समजा १ आणि ४ ची तपासणी चुकली, २ ची बरोबर आली. १ अधिक ४ म्हणजे ५, तेव्हा बिघडलाय तो पाचवा बिट! तो उलटवला की काम झालं. इतक्या साध्या बेरजेतून चुकीचा पत्ता हाती लागतो, याचं मला आजही नवल वाटतं. सर्व्हरच्या मेमरीत याच तत्त्वावर साधारणपणे ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक चूक जागच्या जागी दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळतात.

नुसतं कळणं पुरत नाही, हे सर्व्हर बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सने २००० च्या सुमारास अनुभवलं. त्यांच्या अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसरच्या बाहेरच्या कॅशेला, म्हणजे हाताशी लागणारी माहिती ठेवणाऱ्या छोट्या वेगवान मेमरीला, फक्त पॅरिटीची, म्हणजे एकांची संख्या सम की विषम एवढीच, तपासणी होती. चूक सापडायची, पण सुधारता यायची नाही, आणि सर्व्हर कोसळायचे. मोठमोठे ग्राहक हैराण झाले. शेवटी माहितीच्या दोन प्रती ठेवणारी कॅशे द्यावी लागली. याच कंपनीचा ६४ प्रोसेसरपर्यंत वाढणारा एंटरप्राइझ १०००० बाकी फार विचारपूर्वक घडवलेला होता. प्रोसेसर-मेमरीचे त्याचे सोळा बोर्ड, आणि त्यातला एखादा बाजूला काढून बदलताना बाकीचं मशीन चालूच राही. आयबीएमच्या मेनफ्रेम या अवाढव्य संगणकांमध्ये तर राखीव प्रोसेसर बसवलेलेच असतात. एक दगावला की दुसरा त्याचं काम उचलतो.

पॉवर सप्लाय आणि पंखे यांचं तत्त्व सोपं आहे, गरजेपेक्षा एक जास्त ठेवायचा. पॉवर सप्लाय गेला की त्यावरचा दिवा पिवळा होतो. तंत्रज्ञ खटका दाबून, मूठ धरून तो बाहेर ओढतो आणि नवा सरकवतो. तोवर सगळा भार दुसऱ्यावर असतो.

हे सगळं टिपून ठेवायला सर्व्हरच्या पोटात एक वेगळा छोटा संगणक असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा राहतो. तापमान, पंख्यांचा वेग, दुरुस्त झालेल्या बिटांची मोजदाद, सगळं त्याच्याकडे. एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा दुरुस्ती होऊ लागली, की ती पट्टी कोणत्या खाचेत आहे हे तो सांगतो, म्हणजे ती पुरती निकामी होण्याआधीच बदलता येते. झाकण उघडल्यावर रंगही मदतीला असतात. आयबीएम आणि डेलच्या बऱ्याच सर्व्हरमध्ये नारिंगी खटक्याचा भाग चालू मशीनमधून काढता येतो, तर निळ्या खटक्याच्या भागाला हात लावण्याआधी मशीन बंद करावं लागू शकतं.