बेसबॉल टीम विकत घ्यायचीय? साठेखत झालं म्हणजे टीम तुमची नाही झाली

बातमी येते की अमक्याने टीम घेतली आणि लगेच अभिनंदनाचा पाऊस सुरू. अरे थांबा जरा. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या सह्या झाल्या की ते नुसतं साठेखत. नाव चढतं बाकीच्या मालकांनी मत दिल्यावर, आणि तिथे साधं बहुमत चालत नाही, तीन चतुर्थांश लागतं, म्हणजे 30 पैकी 23. सोसायटीची एनओसी समजा, फक्त कमिटीवर सगळे अब्जाधीश.

पैशाचा पुरावा, पार्श्वभूमीची चौकशी, भागीदारांची यादी हे सगळं वकील बघतात, त्यात विशेष काही नाही. ग्रुप कितीही मोठा असो, लीगला जबाब देणारा एकच माणूस लागतो, त्याला कंट्रोल पर्सन म्हणतात. इथेच गाडी अडते. गुंतवणूकदार स्टीव्ह कोहेनचा न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचा पहिला सौदा फेब्रुवारी 2020 मध्ये फिस्कटला, कारण हिस्सा विकूनही जुन्या विल्पन कुटुंबाला पाच वर्षं कारभार स्वतःकडे ठेवायचा होता. पैसे एकाचे आणि चाव्या दुसऱ्याकडे, कोण ऐकणार?

दुसऱ्या टीममध्ये छोटासा हिस्सा असेल तर आधी तो सोडा. जॉन शर्मनने 2019 मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स घेतली तेव्हा त्याला क्लीव्हलँडच्या टीममधला हिस्सा काढावाच लागला. घोषणा ऑगस्टची, मतदान नोव्हेंबरचं, तोवर मालक जुनाच, आणि ही तारीख लोक हमखास चुकीची वाचतात.

आता तो कागद, जो हातात नसतो आणि ज्याची आठवण शेवटी येते: स्टेडियमचा भाडेकरार. मेट्सचं सिटी फील्ड न्यूयॉर्क शहराच्या जागेवर आहे, आणि गुन्हा सिद्ध झालेल्याकडे करार जाऊ नये असं कलम त्यात होतं. कोहेनवर स्वतःवर फौजदारी खटला झालेला नव्हता पण त्याच्या जुन्या कंपनीने 2013 मध्ये गुन्हा कबूल केला होता, म्हणून महापौरांच्या वकिलांनी फाइल उघडली. 30 ऑक्टोबर 2020 ला मालकांनी 26-4 ने होकार दिला आणि त्याच दिवशी शहराचाही आला, सुमारे 2.4 अब्ज डॉलरचा सौदा एका भाडेकराराच्या कलमावर टांगलेला! भाडेकरार आधी वाचा बाबांनो, सह्यांच्या आदल्या रात्री नको.

आणि जास्त बोली लावली की टीम मिळणारच असंही नाही. 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्ससाठी टँपाच्या ग्रुपने 115 मिलियन डॉलर देऊ केले होते, टीम फ्लोरिडाला न्यायची होती. नॅशनल लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, मालकांनी 9-4 ने फेटाळलं आणि टीम सुमारे 100 मिलियनला तिथल्याच लोकांकडे गेली. बंद दाराआड मतदान, वर 1922 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट, मग भांडायचं कुणाशी? टँपावाल्यांनी केस केली ती तडजोडीतच मिटली.

एवढं नको वाटत असेल तर मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीच्या, टीम असतात. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल टीमने 2022 मध्ये अशाच एका टीमचा, रिव्हर कॅट्सचा, मोठा हिस्सा घेतला. भाडेकरार मात्र तिथेही आधी मागवायचा.