सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचीय? आधी परवान्याचा रकाना समजून घ्या

गेल्या महिन्यात एक ऊस बागायतदार फाईल घेऊन आले. फाईल म्हणजे काय, तर मोबाइलमधले तीन रायफलींचे फोटो. टेक्सासला असलेल्या भाच्यानं पाठवलेले. "यातली कुठली बरी? डुकरं फार झालीत, एक गोळी मारून परत बोल्ट ओढेपर्यंत कळप पसार होतो." पाठोपाठ त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र होतं ते. 'हवे असलेले शस्त्र' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं 'सेमी-ऑटोमॅटिक रायफल' असं लिहिलं होतं. अर्ज तिथंच मेला होता. पुढची सगळी कागदपत्रं चोख असूनही.

असे अर्ज मी वरचेवर पाहतो, म्हणून हे लिहितोय. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल हा विचार आपल्याकडे फार पुढचा. आधी शस्त्र कुठल्या वर्गात मोडतं ते पाहायचं.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती पूर्ण ऑटोमॅटिक शस्त्रं प्रतिबंधित. तिकडं सामान्य माणसानं बघायचंच नाही. त्याखाली वर्ग १(ब) आणि १(क), म्हणजे निर्बंधित शस्त्रं. एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल १(ब) मध्ये येते. लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं काडतूस जिच्यात बसतं अशी रायफल १(क) मध्ये, मग ती हातानं बोल्ट ओढायची असली तरी. वर्ग ३ म्हणजे अनुज्ञेय शस्त्रं. तुमच्याआमच्या अर्जाची जागा ही.

इथं हुशार मंडळी हमखास अडवतात, "पिस्तूलसुद्धा सेमी-ऑटोमॅटिकच असतं की, मग .३२ चं पिस्तूल कसं मिळतं?" प्रश्न बरोबर आहे. नियमातच पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर १(ब) मधून वगळून वर्ग ३ मध्ये टाकलेत. रायफलीला ती सवलत नाही. कारण विचारत बसू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही.

मग सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुणाला मिळते? निर्बंधित शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त स्वतःच्या अधिकारात देत नाहीत, निर्णय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाचा. आणि नियमातली पात्रता वाचली की बहुतेकांचा उत्साह मावळतो: दहशतवादी वा अतिरेकी सक्रिय आहेत अशा भागात राहणारा आणि त्यामुळे जिवाला गंभीर धोका असलेला माणूस, त्यांच्या निशाण्यावर असलेला माणूस, कामामुळे असा धोका ओढवलेला सरकारी अधिकारी, अतिरेकीविरोधी कामाशी जोडलेला आमदार-खासदार, किंवा अशांचे कुटुंबीय. गडचिरोलीत ज्याच्यावर खरोखर हल्ला झालाय त्याचं प्रकरण वेगळं. 'रात्री उशिरा कारखान्यावरून येतो' किंवा 'व्यवसायात वैर आहे' या कारणांवर दिल्लीचं दार उघडत नाही. डुकरांवर तर नाहीच.

डुकरांचं निघालंच आहे तर सांगतो. बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही. ती वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. हे न कळल्यानं परवानाधारक शेतकरी वन्यजीव कायद्याखाली अडकतात. पीक संरक्षणाचं कारण देणार असाल तर सातबाऱ्यावर पीकपाणी नोंदलेलं असू द्या, नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही जोडा. आणि शस्त्र बारा बोअरची, म्हणजे छऱ्यांची, बंदूक लिहा. .३१५ रायफलीची गोळी किलोमीटरच्या पुढं जाऊ शकते. आपल्याकडं बांधापलीकडं वस्ती, वस्तीपलीकडं शाळा. छऱ्यांची बंदूक त्या मानानं जवळच निपटते.

आता वर्ग ३ मध्ये रायफल म्हणून काय उरतं ते थोडक्यात. इछापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसते. बोल्ट ॲक्शन, जडशी, लष्करी काडतूस बसू नये म्हणून मुद्दाम वेगळ्या बोअरची, म्हणजे नळीच्या वेगळ्या मापाची. .३०-०६ तिच्यापेक्षा ताकदीची. .२२ ची रायफल हलकी, धक्का जवळजवळ नाही, नेमबाजी शिकायला उत्तम. पण अर्जात कारण आत्मसंरक्षण आणि शस्त्र .२२ रायफल लिहिलंत, तर टेबलावरचा माणूस भुवया उंचावतो. कारण आणि शस्त्र यांचा मेळ बसला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

नेमबाज स्वप्नील कुसाळेला २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळालं तेव्हापासून आईवडील पोरांना घेऊन येतात, "त्याच्यासारखी रायफल पाहिजे." त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा. तिथं .२२ ची रायफल लागते आणि ती सेमी-ऑटोमॅटिक नसते, प्रत्येक गोळी हातानं भरायची. पोराची सुरुवात दहा मीटर एअर रायफलनं होते. .१७७ बोअरच्या त्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागतच नाही. आधी क्लबात नाव घाला, पुढचं पुढं.

कागदपत्रांकडं येऊ. अर्ज नमुना ए-१ मध्ये, ऑनलाइन भरायचा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर; ओळख, पत्ता, जन्मतारीख यांचे पुरावे. वय २१ पूर्ण. ऑनलाइन 'सबमिट' दाबलं की काम झालं असं समजून घरी बसू नका. छापील प्रत सही करून गृह शाखेत द्या आणि बारनिशीचा (आवक नोंदीचा) शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या. शिक्का नसेल तर सहा महिन्यांनी 'असा अर्जच दिसत नाही' हे ऐकायची तयारी ठेवा.

अडतात ती दोन प्रमाणपत्रं. पहिलं वैद्यकीय, नमुना एस-३. लोक फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवर 'तब्येत ठणठणीत' असं लिहून आणतात. नमुन्यात मानसिक स्वास्थ्य, नशापाणी यांचे ठरलेले रकाने आहेत, डॉक्टरनं तोच कागद भरायला हवा. एका निवृत्त सुभेदारांचा अर्ज याच कारणावर परत आला होता. तीस वर्षं हातात रायफल असलेला माणूस, आणि वेड लागलेलं नाही याचा कागद नाही! सुभेदारांनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवायला लावला, मग काही न बोलता पायात चपला घालून सरकारी दवाखान्याकडं निघून गेले.

दुसरं एस-१, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं. हे कुणाकडंच नसतं आणि अर्जदाराला शेवटच्या क्षणी कळतं. कुठं पोलीस मुख्यालयात प्रशिक्षण होतं, कुठं रायफल क्लबचं चालतं. आपल्या कार्यालयाला कुठलं मान्य आहे ते आधी विचारा, पैसे नंतर भरा.

'सातबारा नाही, मिळकत नाही, तुम्हाला परवाना कसा मिळणार?' असं खिडकीवर कुणी म्हटलं तर घाबरून जाऊ नका. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असं शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्येच लिहिलंय. भांडू नका, कलमाचा आकडा शांतपणे सांगा. पुष्कळदा तेवढं पुरतं.

पोलिसांच्या अहवालाला नियमानं ३० दिवस. हे ३० दिवस परवाना मिळण्याचे समजून लोक एकतिसाव्या दिवशी दुकानात चौकशीला जातात. तो फक्त पोलीस ठाण्याचा वेळ. हवालदार घरी येतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, जबाब घेतात. अर्जात 'व्यवसायानिमित्त रोकड नेतो' आणि जबाबात 'शेतीसाठी' असं झालं, तर अहवाल प्रतिकूल आलाच म्हणून समजा. घरच्यांनाही अर्जातलं कारण सांगून ठेवा. जबाब देताना बायको एक बोलते, नवरा एक, हे मी स्वतः ऐकलंय.

घरात आधीच बंदुका असतील तर २०१९ ची दुरुस्ती बघा. एका माणसाच्या नावावर आता दोनच शस्त्रं राहू शकतात, पूर्वी तीन होती. आजोबांची बंदूक वारसानं घ्यायची तर आजोबा हयात असतानाही ती तुमच्या नावावर करता येते. त्यांचं वय ७० झालेलं हवं किंवा शस्त्र त्यांच्याकडं २५ वर्षं असायला हवं.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक ओळ. मुक्काम हलवून परत येताना एक शस्त्र आणायची सोय आहे, पण ते अनुज्ञेय बोअरचं हवं आणि तिकडं किमान वर्षभर तुमच्या वापरात असायला हवं. भाच्यानं पाठवलेल्या फोटोंतली एकही रायफल त्यात बसत नव्हती.

नामंजुरीचं पत्र आलं तर लेखी कारण मागा. जनहिताच्या आड येत नसेल तर ते द्यावंच लागतं. अपील ३० दिवसांत. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडं. पत्र टपालानं आलं असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढं कामी येते.

बागायतदारांचं पाकीट चुलीत गेलं होतं. शेवटी आम्ही नवीनच अर्ज भरला, शस्त्राच्या रकान्यात बारा बोअर लिहून. एस-१ साठी ते पुढच्या सोमवारी मुख्यालयात चौकशीला जाणार आहेत.